काचेमागच्या वस्तूला तिचं गाव परत कसं मिळेल? म्युझियममधलं व्हीआर, एआर, थ्रीडी सगळं सोप्या भाषेत

मुंबईला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तुम्ही बघितला असेल, निदान त्याच्यासमोर फोटो तरी काढला असेल. सुट्टीत भाचीला घेऊन गेले होते, तिला पेंग्विन बघायचे होते आणि मला म्युझियम, आणि वाटेत हा हत्ती लागला. तर ती म्हणाली, मावशी, हा इथे का ठेवलाय? मग मी सांगितलं की हा मूळचा घारापुरीचा, पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना बेटावर हा दिसला म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा पाडलं, नंतर 1864 मध्ये याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, पण उचलताना क्रेननेच दगा दिला आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, ते तुकडे या बागेत आणले आणि 1914 मध्ये जोडून परत उभे केले. हे ऐकल्यावर पोरगी मागे फिरली आणि हत्तीभोवती फिरून सांधे कुठे दिसतायत ते शोधायला लागली. दहा मिनिटं पेंग्विनचं नावसुद्धा काढलं नाही तिने.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की म्युझियममध्ये जे काही डिजिटल, इमर्सिव्ह, व्हर्चुअल वगैरे चाललंय त्या सगळ्याला एकच कसोटी लावायची: ते बघून माणूस मूळ वस्तूकडे परत वळतो का? वळत असेल तर ते तंत्रज्ञान कामाचं, नाहीतर पडदा कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग काय.

का ते सांगते. कुठलीही वस्तू म्युझियममध्ये आली की तिचं गाव सुटतं. देवळातली मूर्ती असेल तर गाभारा सुटतो, दिव्याचा उजेड सुटतो, समोर हात जोडून उभी असलेली माणसं सुटतात. तलवार असेल तर हात सुटतो. जातं असेल तर ओवी सुटते. उरते ती वस्तू, एक काच आणि खाली चार ओळींची पाटी, तीही बऱ्याचदा एवढ्या बारीक अक्षरात की माझी आई चष्मा लावूनही वाचू शकत नाही. ज्याला इतिहासाची आवड आहे तो मनातल्या मनात ते सुटलेलं गाव उभं करतो, पण बाकीच्यांनी काय करायचं? ते एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत राहतात आणि पंख्याखाली बाक शोधतात. त्यांची चूक नाहीये यात. त्यांना कुणी गावच दाखवलं नाही.

आता इमर्सिव्ह म्हणजे काय ते आधी बघू. मराठीत बुडून जाणं म्हणतो ना आपण, कीर्तनात माणूस बुडून जातो तसं, म्हणजे तुम्ही बाहेरून बघत नाही, त्या जागेच्या आत असता. त्यासाठी यंत्रं लागतातच असं नाही. पण यंत्रं आली की काय काय करता येतं ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट नक्कल. लोकांना वाटतं थ्रीडी कॉपी वगैरे नवीन फॅड आहे, पण आपल्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात (बेस्टचा कंडक्टर नुसतं म्युझियम म्हणून ओरडतो ते), परळच्या शिवाची प्लास्टरमधली नक्कल आहे. मूळ शिल्प परळला 1931 मध्ये रस्त्याचं काम करताना सापडलं, एकाच दगडात कोरलेलं, साधारण सहाव्या शतकातलं, चांगलं दोन पुरुष उंचीचं आणि ते आजही बारादेवीच्या देवळात आहे, पूजेत आहे. म्हणजे मूळ जागेवर राहिलं, लोकांचं राहिलं आणि ज्यांना नीट निरखून बघायचंय त्यांच्यासाठी म्युझियममध्ये नक्कल. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो आणि आजचं थ्रीडी स्कॅनिंग म्हणजे हेच, फक्त प्लास्टरऐवजी फोटो.

ते होतं असं. एखाद्या मूर्तीचे चारही बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग परत आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर त्या सगळ्या फोटोंमध्ये तेच तेच ठिपके शोधतं, म्हणजे कानातल्या कुंडलाचा हा कोपरा या फोटोत इथे दिसतो आणि त्या फोटोत तिथे, मग कॅमेरा किती सरकला असेल आणि तो कोपरा किती लांब असेल याचं गणित मांडतं. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज असाच घेतात. असे लाखो ठिपके मिळाले की त्यावर जाळी विणायची, जाळीवर फोटोतला रंग चढवायचा, झाली मूर्ती तयार. याला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि हे आता चांगल्या मोबाईलवरसुद्धा करता येतं. मूर्तीला हात न लावता, प्लास्टर न फासता. ही फाईल मग स्क्रीनवर फिरवता येते, प्रिंट करून अंध मुलांच्या हातात देता येते, आणि दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये 2015 पासून स्पर्शाने बघायचं दालन आहेच, म्हणजे हात लावू नये अशी पाटी असलेल्या जगात एक जागा अशी की जिथे हात लावूनच बघायचं.

आणि नकलेचं महत्त्व कधी कळतं तर मूळ गेल्यावर. 2018 च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमध्ये रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली, दोन कोटींच्या आसपास वस्तू होत्या, त्यातल्या बहुतेक एका रात्रीत गेल्या. नंतर तिथे येऊन गेलेल्या लोकांना आवाहन केलं की तुमच्याकडे जे फोटो असतील ते पाठवा. विचार करा, कुणीतरी सहज काढलेला फोटो हीच शेवटची नोंद उरली. हे वाचल्यापासून मी म्युझियममध्ये पाट्यांचेसुद्धा फोटो काढते.

दुसरी गोष्ट, जे डोळ्यांना दिसूच शकत नाही ते दाखवणं. याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण मुंबईतलंच आहे. 2012 च्या शेवटी आपल्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये ब्रिटिश म्युझियमकडून इजिप्तची ममी आली होती, नेस्पेरेनुब नावाचा पुजारी, ख्रिस्तपूर्व 800 च्या सुमाराचा. त्याच्या अंगावरच्या पट्ट्या कधी सोडलेल्याच नाहीत. पण हॉस्पिटलमध्ये आपलं करतात तसं सीटी स्कॅन केलं, म्हणजे एक्सरेने शरीराचे पातळ पातळ काप घेतल्यासारखे हजारो फोटो आणि ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, त्यामुळे पेटी न उघडता आत जाता आलं. आत काय सापडलं तर डोक्याला मागून मातीचा एक वाडगा चिकटलेला! तीन हजार वर्षांपूर्वी प्रेत तयार करणाऱ्या कुणाचा तरी वाडगा राळ सांडून चिकटला असणार, निघेना म्हणून तसाच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळल्या. हे थ्रीडी फिल्ममध्ये बघायचं आणि समोर खरी पेटी. तो वाडगा बघितल्यावर ती ममी राहत नाही, एका कामगाराची कामावर झालेली चूक दिसते आणि तो माणूस एकदम आपल्यातला वाटायला लागतो. इथे तंत्रज्ञान नसतं तर हे कळलंच नसतं, म्हणून मी याला नुसती सजावट म्हणत नाही.

याच जातीचं दुसरं काम ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियमने केलंय, रेम्ब्रांटच्या 1642 च्या नाइट वॉच या चित्राचे 8,439 फोटो काढून जोडले आणि 717 गिगापिक्सेलचा एक फोटो 2022 च्या जानेवारीत नेटवर टाकला, त्यातला एक एक पिक्सेल (ठिपका) म्हणजे चित्रावरचे 5 मायक्रोमीटर, आपला केस याच्या दहापट तरी जाड असतो. हे फुकट बघता येतं. खऱ्या म्युझियममध्ये उभं राहून इतकं जवळून कुणी बघूच देणार नाही. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेने जतन नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यावर सरकारी म्युझियममधल्या वस्तूंची नोंद, फोटो, माहिती चढवायचं काम होतं आणि म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टलवर ते आपल्याला घरबसल्या बघता येतं. गूगलचं आर्ट्स अँड कल्चर 2011 मध्ये सुरू झालं, त्यावर मुंबईची ही दोन्ही म्युझियम आहेत, भाऊ दाजी लाड आणि प्रिन्स ऑफ वेल्स. पण माझं म्हणणं असं की नुसते फोटो चढवून लोक येत नाहीत. हजार वस्तूंची यादी ही अभ्यासकाला लागते, माझ्या शेजारच्या काकूंना एका वस्तूची नीट सांगितलेली गोष्ट लागते.

आता व्हीआर आणि एआर, ज्यात सगळ्यांचा गोंधळ होतो. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर डबा (हेडसेट) चढवायचा आणि समोरचं जग पूर्ण बंद. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला किंचित वेगळं, त्यामुळे मेंदूला खोली जाणवते, आणि डब्यातले सेन्सर तुमची मान कुठे वळली ते सतत मोजतात, चित्र सेकंदाला 90 वगैरे वेळा नव्याने काढलं जातं. मान वळली आणि चित्र जरा जरी उशिरा वळलं तर कान सांगतो हललो आणि डोळे सांगतात नाही, मग मळमळतं, बस लागते तसंच. व्हीआर कुठे भारी, तर जिथे जाताच येत नाही तिथे. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीची लाँच बंद असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत, त्याला त्रिमूर्तीसमोर उभं करणं हे व्हीआर करू शकतं.

पण व्हीआरचा हिशोब म्युझियमवाले आधी मांडत नाहीत असं मला वाटतं. एका माणसाला डबा घालणं, दाखवणं, काढणं, पुसणं यात दहा मिनिटं धरा, म्हणजे एका डब्यावर तासाला सहा माणसं. दहा डबे घेतले तर साठ. सात तासांत चारशेवीस. रविवारी शाळेच्या दोन बसेस आल्या की रांग दाराबाहेर जाणार. आणि प्रत्येक जण आपल्या आपल्या डब्यात एकटा, आपण म्युझियमला जातो तेव्हा कुणाबरोबर तरी जातो ना, ते बघ, हे बघ असं म्हणत, ते सगळं तुटतं.

एआर त्यापेक्षा मला जास्त जवळचं वाटतं. यात जग बंद होत नाही, मोबाईल समोर धरला की कॅमेऱ्यातून खरी वस्तूच दिसते आणि तिच्यावर जास्तीचं काहीतरी चढतं. फोन समोरच्या दृश्यातले कोपरे, कडा, ठिपके पकडून ठेवतो, आत एक छोटा सेन्सर फोन किती कलला, किती सरकला ते सांगतो, दोन्ही जुळवून फोनला कळतं की मी या दगडासमोर इथे उभा आहे, मग तो चित्र बरोब्बर दगडावर बसवतो, तुम्ही बाजूला सरकलात तरी ते चिकटून राहतं.

हे सगळ्यात सुंदर कुठे वापरता येईल? माझं उत्तर ठरलेलं आहे, बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर. वीरगळ तुम्हाला माहीत असतील, गावोगावी देवळाबाहेर, झाडाखाली शेंदूर फासलेले दगड असतात, लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक. ते खालून वर वाचायचे असतात. सगळ्यात खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि डोक्यावर कलश. हे एवढं एक वाक्य माहीत झालं की महाराष्ट्रातला कुठलाही वीरगळ तुम्हाला वाचता येतो, पण हेच एक वाक्य कुणी सांगत नाही. एकसरचे वीरगळ शिलाहार राजांच्या काळातले मानतात आणि त्यांच्यावर जमिनीवरची लढाई आहे तशी समुद्रावरचीही आहे, रांगेने वल्ही मारणारी जहाजं कोरलीत, आपल्या मुंबईत, बोरिवली पश्चिमेला! समजा तिथे उभं राहून फोन धरला आणि सगळ्यात खालचा पट्टा आधी उजळला, जहाजाची रेघ निळी झाली, वल्ही हलली, मग वरचा पट्टा, मग त्याच्या वरचा, तर आठवीतल्या मुलाला पुढे आयुष्यभर वीरगळ वाचता येईल आणि तो आपल्या गावी गेला की तिथल्या झाडाखालच्या दगडासमोर थांबेल. आणि यात दगड गावातून हलवावा लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भिंतींवर प्रोजेक्टरने चित्र टाकतात ते प्रोजेक्शन मॅपिंग. साध्या प्रोजेक्टरला सपाट पडदा लागतो, इथे आधी भिंतीचं किंवा इमारतीचं मोजमाप घेऊन मॉडेल बनवतात आणि चित्र मुद्दाम असं वाकडं करून सोडतात की खांबावर, कमानीवर पडल्यावर ते सरळ दिसावं, शेजारशेजारच्या प्रोजेक्टरच्या कडा एकमेकांत विरघळवतात म्हणजे जोड दिसत नाही. 2023 मध्ये वॅन गॉगच्या चित्रांचा असा शो मुंबईत आला होता, माझ्या ओळखीचे खूप जण गेले, फोटोही भरपूर आले. मला स्वतःला असे शो थोडे कमी वाटतात, कारण तिथे मूळ काहीच नसतं, परत वळून बघायला समोर हत्तीच नाही. पण ज्यांनी आयुष्यात कधी चित्रं बघायला म्हणून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ते तिथे सहकुटुंब गेले, हेही मी बघितलंय आणि ते लहान नाही. पुण्यात आंबेगावला शिवसृष्टी आहे, पहिला टप्पा 2023 मध्ये सुरू झाला, तिथे तर मुळात गोष्ट सांगायचीच जागा आहे, मग दृश्य, आवाज, प्रकाश यांचा वापर शोभतो.

आवाजावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोल जाणारं साधन तेच आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, गिरणीतला शब्द. त्यांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं आणि घरातही ते मोठ्याने बोलायचे, आम्हाला लहानपणी वाटायचं ते चिडलेत. नंतर कळलं की शेकडो साचे एकदम चालायचे तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकूच यायचं नाही, खुणांनी आणि ओठांवरून बोलायचे एकमेकांशी. आता उद्या एखाद्या म्युझियममध्ये तुम्ही एक साचा पुसून, तेल लावून, काचेत ठेवलात तर तो फक्त लोखंड आहे. पण त्याच खोलीत दोन मिनिटं त्या साचेखात्याचा खरा आवाज सोडला, कानठळ्या बसतील असा, आणि मग एकदम बंद केला, आणि त्या शांततेत एखाद्या म्हाताऱ्या कामगाराचा आवाज आला की भोंगा झाला की आम्ही असं निघायचो, तर माझ्या भाचीला तिच्या पणजोबांचं ऐकू न येणं कळेल. आणि ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. 1982 च्या संपाला चाळीस वर्षं होऊन गेली. यांचे आवाज रेकॉर्ड करायला मोबाईल पुरतो, पण ते आत्ताच करायला हवं, हेडसेट पाच वर्षांनीही विकत मिळतील.

ऑडिओ गाईडचंही तेच. पंजाबात आनंदपूर साहिबला विरासत-ए-खालसा आहे, 2011 मध्ये उघडलं, तिथे कानाला लावलेलं यंत्र तुम्ही ज्या भागात जाल तिथली गोष्ट आपोआप सांगायला लागतं, बटण दाबायचं नाही, नंबर शोधायचा नाही, त्यामुळे गावाकडून आलेली, वाचता न येणारी आजीसुद्धा सगळं बघून येते. आपल्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये मराठी ऑडिओ गाईड आहे, जरूर घ्या. पण मराठी म्हणजे इंग्रजीचं भाषांतर वाचून दाखवणं नको, मूर्तीच्या हातातलं बीजपूरक असं न सांगता म्हाळुंग सांगा, म्हणजे कोकणातल्या माणसाला लगेच दिसेल. भाषा हे सगळ्यात मोठं इमर्सिव्ह तंत्रज्ञान आहे असं मी मानते.

काय चुकतं तेही सांगते. गेल्या वर्षी एका नव्याकोऱ्या इंटरॲक्टिव्ह दालनात गेले होते, नाव घेत नाही, सात टचस्क्रीन होत्या, त्यातल्या चार बंद, एकावर कागद चिकटवलेला, दोन चालू होत्या त्यावर तीच माहिती जी शेजारच्या पाटीवर. मुलं पटापट स्क्रीनवर बोटं मारून पुढे पळत होती आणि मागच्या खऱ्या वस्तूंकडे एकानेही बघितलं नाही. उद्घाटनाला पैसे मिळतात, पण तीन वर्षांनी बल्ब बदलायला, सॉफ्टवेअर अपडेट करायला, ते चालवणारा माणूस पगारावर ठेवायला पैसे कुणी धरलेलेच नसतात. मुंबईची दमट हवा यंत्रांना वर्षभर खात असते. म्हणून माझं मत, शंभर रुपये असतील तर चाळीस यंत्राला आणि साठ ते जगवायला आणि गोष्ट लिहायला ठेवावेत.

आणि लोकांपर्यंत पोचणं म्हणजे कायम लोकांना आत आणणंच असतं असंही नाही. आपल्या प्रिन्स ऑफ वेल्सची 2015 पासून एक बस आहे, फिरतं म्युझियम, आत प्रतिकृती, हाताळायच्या वस्तू, टॅब, सोबत समजावणारी माणसं, ती शाळांच्या दारात जाऊन उभी राहते, मुंबईबाहेरच्या गावांतही जाते. ज्या पोराला काळा घोड्याला, म्हणजे म्युझियमपर्यंत, यायला एक दिवस आणि घरातल्या मोठ्या माणसाची मजुरी खर्ची पडते त्याच्यासाठी ही बस कुठल्याही व्हीआरपेक्षा मोठी आहे. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट म्युझियमने 2015 मध्ये येणाऱ्याला एक पेन द्यायला सुरुवात केली होती, आवडलेल्या वस्तूच्या पाटीला पेन टेकवायचं, ती वस्तू तुमच्या खात्यात जमा, घरी जाऊन तिकिटावरचा पत्ता टाकला की सगळ्या आपल्या वस्तू समोर. म्हणजे म्युझियम तुमच्याबरोबर घरी आलं. हेच काम साध्या क्यूआर कोडनेही होतं, आपल्याकडे भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर आहे तर वीरगळाशेजारी का नको, फक्त स्कॅन केल्यावर इंग्रजी पीडीएफ उघडू नये एवढंच.

जाता जाता एक गोष्ट, जी तुम्ही कुठलंही ॲप न टाकता करू शकता. झिजलेलं कोरीव काम वाचायला अभ्यासक एक युक्ती करतात, कॅमेरा हलवत नाहीत, दिवा हलवतात, वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकून पन्नाससाठ फोटो घेतात, मग कॉम्प्युटरवर तो उजेड हवा तसा फिरवता येतो आणि भर दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरं उठून येतात. एकसरला गेलात तर संध्याकाळी अंधार पडायला लागताना जा, मोबाईलचा टॉर्च दगडाच्या समोर न धरता एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा, आणि अगदी सावकाश खालून वर न्या. आधी जहाजांच्या कडा दिसतील, मग वल्ही.